शंभर कुलपे आणि एक किल्ली



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणाऱ्याने काही थोर विषय घ्यावा अशी आपल्याकडे रीत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही परंपरा सुरू केली, तेव्हापासून धर्म, समाज, राज्यकारभार आणि वाङ्मय या विषयांनी ही व्यासपीठे गाजत आली आहेत. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती वाटेल. तो आहे कुलूपकिल्लीचा. परंतु ज्या कुलपांबद्दल आम्ही बोलणार आहोत ती दाराला लावलेली नाहीत. ती आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहेत, आणि त्यांच्या आत आपली पेन्शन, पीकविमा, बँकेतली ठेव आणि मुलांची शिष्यवृत्ती आहे. म्हणून माकणीच्या या सभेत हा विषय अप्रस्तुत ठरणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

इंग्रजीत ज्याला पासवर्ड म्हणतात, त्याला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे: परवलीचा शब्द. रात्री पहाऱ्यावरचा शिपाई अंधारातून येणाऱ्याला हटकी आणि ठरलेला शब्द ऐकला तरच त्याला आत सोडी. तेव्हा दरवाजा एक, पहारेकरी एक आणि शब्दही एक. आज आपली अवस्था काय आहे? घरी गेल्यावर एक कागद घ्या आणि मोजून पाहा. बँक, टपाल खाते, ई-मेल, रेल्वेचे तिकीट, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिल, गॅस. वीस-पंचवीस नावे सहज भरतील, आणि घरात कॉलेजात जाणारे मूल असेल तर पन्नासावर जातील. इतके शब्द लक्षात ठेवावेत, ते सगळे निरनिराळे असावेत, अवघड असावेत आणि कोठे लिहू नयेत, अशी अपेक्षा माणसाकडून केली जाते. ही अपेक्षाच अवाजवी आहे, हे प्रथम स्पष्ट बोलले पाहिजे.

या पद्धतीचा जनकही शेवटी असेच म्हणाला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फर्नांडो कोर्बातो यांच्या देखरेखीखाली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था झाली. आपल्याकडे कालव्याची पाणीपाळी असते, तशी तेथे संगणकाच्या वेळेची पाळी असे. ज्याची पाळी त्याचीच राहावी म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. मग काय झाले? १९६२ साली तेथल्याच एका संशोधकाला आपल्या वाट्याची वेळ पुरेना. त्याने सगळ्यांच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वाट्यावर काम उरकले. कुलूप आले आणि पाठोपाठ पाणीचोरही आला! पुढे २०१४ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास, कोर्बातो यांनी कबूल केले की हे शब्द सांभाळणे हा आता छळ झाला आहे, आणि आपण स्वतः ते टंकलिखित कागदांवर उतरवून ठेवले आहेत. ज्याने हा प्रकार सुरू केला त्याच्याच्याने जर ते लक्षात राहिले नाहीत, तर तुम्हीआम्ही लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

मग लोक करतात काय? आम्ही पाहिले आहे त्यावरून तीन वाटा दिसतात. पहिली वाट, सगळीकडे एकच शब्द. मुलाचे नाव आणि जन्मसाल, किंवा नुसते एकापासून सहापर्यंतचे आकडे. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या एका परदेशी कंपनीतून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. ते साध्या अक्षरांत ठेवलेले होते, म्हणून जगाला प्रथमच माणसाच्या स्वभावाचे असे उघडे दर्शन झाले. त्यात सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा शब्द एकच होता, १२३४५६! हे लोक मूर्ख नव्हते. ते तुमच्याआमच्यासारखे कंटाळलेले होते. परंतु चोराला हा कंटाळा फार उपयोगी पडतो. एखाद्या किरकोळ दुकानाच्या संकेतस्थळावरून तुमचा शब्द चोरीस गेला, की चोर तोच शब्द तुमच्या ई-मेलला लावून पाहतो, मग बँकेला. हे काम तो हाताने करीत नाही. यंत्र एका रात्रीत लाखो दारांवर तीच किल्ली फिरवून पाहते. म्हणजे सर्वांत कच्च्या दाराला जितकी मजबुती, तितकीच तुमच्या तिजोरीला.

दुसरी वाट वहीची. वहीला हसण्याची सध्या फॅशन आहे. आम्ही हसणार नाही. दूरदेशीचा चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही, ही तिची फार मोठी जमेची बाजू आहे. ज्या वृद्ध गृहस्थांची सारी मिळून चार-पाच खाती आहेत, त्यांनी एका वहीत नीट अक्षरात शब्द लिहून ती कुलपात ठेवली तर त्यांनी चूक केली असे कोणी म्हणू नये. मात्र वहीला मर्यादा आहेत. ती घरातल्या प्रत्येकाला वाचता येते. परगावी असताना ती जवळ नसते. हाताने लिहायचे म्हणून आपण पुन्हा सोपेच शब्द निवडतो. आणि घराला काही झाले तर घराबरोबर वहीही जाते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना हे या भागात आम्ही समजावून सांगावे असे नाही.

तिसरी वाट सर्वांत धोक्याची, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्याकडे तीच सर्वांत रुळलेली आहे. ती म्हणजे आपला शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. सेवा केंद्रावरचा मुलगा फॉर्म भरतो, त्याच वेळी तो शब्दही ठरवतो आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. पुण्यातला भाचा बँकेचे ॲप बसवून देतो आणि पिनही त्यालाच ठाऊक असतो. यातले बहुतेक जण सज्जन असतात, हे आम्ही जाणतो. पण त्या एका वहीत साऱ्या गावाच्या किल्ल्या असतात, आणि ती वही टेबलावर उघडी पडलेली असते. शिवकाळातील गडांची व्यवस्था आठवा. हवालदार, सबनीस, कारखानीस असे निरनिराळे अधिकारी नेमलेले असत. दरवाजाच्या किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. याचा अर्थ महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असा नव्हे. सारा गड एकाच माणसाच्या नीयतीवर टांगून ठेवू नये, हे शहाणपण त्यात होते.

आता या तिन्ही वाटांना पर्याय म्हणून जी वस्तू पुढे येते तिला पासवर्ड मॅनेजर म्हणतात. आम्ही तिला परवलीची पेटी म्हणू. ही फोनात किंवा संगणकात बसणारी एक पेटी आहे. तुमच्या प्रत्येक खात्यासाठी ती वीस-वीस अक्षरांचा, कोणाला सुचणार नाही असा निराळा शब्द तयार करते आणि स्वतःजवळ ठेवते. तुम्ही लक्षात ठेवायचा तो एकच मुख्य शब्द. त्या शब्दापासून पेटीची किल्ली घडवली जाते आणि आतला सगळा मजकूर गुप्त लिपीत बदलून ठेवला जातो. चांगल्या पेटीच्या कंपनीकडे ही किल्ली नसते. बिटवॉर्डन, वनपासवर्ड ही अशी काही नावे. कीपास नावाची पेटी २००३ पासून फुकट मिळते, आणि ती कोणाच्या दूरच्या यंत्रावर न जाता तुमच्याच संगणकात राहते.

हिचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही, म्हणून तो आम्ही मुद्दाम सांगतो. ‘आपले वीजबिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल’ असा निरोप आपल्यापैकी अनेकांना आला असेल. महावितरणने अशा खोट्या निरोपांबद्दल ग्राहकांना इशारेही दिले आहेत. अशा निरोपातून कधी बँकेच्या पानासारखे हुबेहूब दिसणारे खोटे पान उघडते. माणसाचा डोळा फसतो. पेटी मात्र पानाचे रूप बघत नाही. ती पत्ता बघते. पत्त्यातले एक अक्षर जरी वेगळे असले तरी ती शब्द आपणहून भरीत नाही. पेटी गप्प राहिली, तर तिच्यावर रागावून शब्द हाताने टंकू नका. तिथेच थांबा आणि पत्ता वाचा.

इतके ऐकून चतुर श्रोता विचारील, “हे सारे खरे, पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवायची? टोपली पडली म्हणजे?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळणारा विक्रेता असेल, व्याख्याता नव्हे.

माकणीच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. तेरणेवर धरण नव्हते तेव्हा पाणी ज्याच्या त्याच्या विहिरीत होते. एकीची विहीर आटली तर दुसरीला त्याचे काही नव्हते. धरण झाले आणि पाणी एके जागी साठले. सोय मोठी झाली, आणि त्याचबरोबर भिंतीची, दरवाजांची आणि पावसाळ्यात रात्री जागणाऱ्या माणसाची जबाबदारीही मोठी झाली. एके जागी साठवण केली म्हणजे धोका नाहीसा होत नाही. तो शंभर ठिकाणांहून गोळा होऊन एका भिंतीमागे येतो. भिंत चांगली असेल आणि तिच्यावर नजर असेल, तर हा सौदा फायद्याचा.

भिंतीला तडा गेल्याचे एक उदाहरण जगाने नुकतेच पाहिले. लास्टपास ही या क्षेत्रातली नामांकित कंपनी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रथम तिच्यात शिरकाव झाला. पुढे चोरांनी तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात, तेथल्या करमणुकीच्या एका जुन्या कार्यक्रमातील उणिवेतून, प्रवेश मिळवला. तो अभियंता जी कळ दाबी ती टिपून घेतली आणि त्यावरून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती उचलून नेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने हे जाहीर केले. पेट्या बंद होत्या, हे खरे. पण त्यांच्यावरचे पत्ते, म्हणजे कोणत्या संकेतस्थळावर ग्राहकाचे खाते आहे ती नावे, गुप्त लिपीत नव्हती. शिवाय बंद पेटी घरी नेलेल्या चोराला घाई कसली? तो वर्षानुवर्षे किल्ल्या लावून पाहू शकतो.

येथे दोन गोष्टी निर्णायक ठरतात. एक, मुख्य शब्द किती बळकट. दुसरी, त्या शब्दावर यंत्र किती फेरे देते. जात्यातून पुन्हा पुन्हा दळावे तसा हा शब्द हजारो वेळा दळून त्याची किल्ली करतात. फेरे जितके जास्त, तितका चोराचा प्रत्येक प्रयत्न महाग. त्या कंपनीचा नवा नियम एक लाखाहून थोड्या अधिक फेऱ्यांचा होता, परंतु काही जुन्या ग्राहकांच्या पेट्या पाच हजारांवर, तर काही त्याहूनही कमी फेऱ्यांवर राहून गेल्या होत्या. २०२३ पासून सहा लाख फेऱ्यांची शिफारस केली जाते. म्हणजे ज्यांनी कच्चा शब्द ठेवला आणि जुनी पेटी जशीच्या तशी वापरली, त्यांना धोका फार. ज्यांचा शब्द लांब आणि दुसरीकडे कोठेही न वापरलेला, त्यांना धोका कमी. घरच्या संगणकात राहणारी पेटीही निर्दोष नसते. २०२३ साली कीपासमध्ये असा दोष सापडला की संगणकाच्या स्मृतीतून मुख्य शब्द जवळजवळ पूर्ण जुळवता येई. तो त्याच वर्षी दुरुस्त झाला. दुरुस्ती मात्र त्यालाच लाभली, ज्याने नवी आवृत्ती घेतली.

तेव्हा आमचा निवाडा असा आहे. जो आज एकच शब्द दहा ठिकाणी वापरतो, त्याची सगळी अंडी आधीच एका टोपलीत आहेत, आणि ती टोपली फाटकी आहे. त्याला पेटी घेण्याने लाभच होईल. पण पेटी घेऊन निश्चिंत झोपावे असे मात्र नाही. हे आम्ही पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आमचे थोरले बंधू निवृत्त शिक्षक. स्वभावाने काटेकोर. आमच्याच सांगण्यावरून त्यांनी अशी पेटी घेतली आणि घरचे सर्व व्यवहार तीत ठेवले. मुख्य शब्द कोठेही लिहू नका, कोणाला सांगू नका, असे आम्हीच त्यांना दोनदा बजावले. पुढे एके पहाटे त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली आणि बरेचसे स्मरणही गेले. दवाखान्याचा खर्च विम्यातून मिळायचा होता. विम्याचे कागद ई-मेलमध्ये. ई-मेलचा शब्द पेटीत. पेटीचा शब्द दादांच्या मिटल्या ओठांमागे. आम्ही पेटीच्या कंपनीला लिहिले. तिने नम्रपणे कळवले की किल्ली आमच्याकडे नाही. जी गोष्ट आम्ही त्या पेटीचा मोठा गुण म्हणून वर्णन केली होती, तीच आमच्यापुढे भिंत होऊन उभी राहिली. कागद पुन्हा मिळवण्यास आठ महिने लागले, आणि मधल्या काळात वहिनींना आपल्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. त्या आम्हांला कधी टोचून बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “भावजी, कुलूप चोरासाठी आणलं होतंत, पण अडकलो आम्ही.” या वाक्याला आमच्यापाशी आजही उत्तर नाही.

त्यावरून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. मुख्य शब्द म्हणजे नाव-गाव-जन्मसाल नव्हे. शब्दकोश डोळे मिटून पाच-सहा ठिकाणी उघडा आणि बोट पडेल ते शब्द एका ओळीत घ्या. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसावा. आठवड्याभराच्या सरावाने ते तोंडी बसतात. एकदा चांगला शब्द ठरला की तो दर महिन्याला बदलण्याचीही गरज नाही. दर काही दिवसांनी शब्द बदला, त्यात आकडा घाला, चिन्ह घाला, हा उपदेश २००३ च्या एका अमेरिकन सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ साली त्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने तो नियम मागे घेतला. कोणाला कळल्याचा संशय आला तर मात्र त्याच दिवशी बदला.

हा मुख्य शब्द कागदावर लिहा. होय, लिहाच! आम्ही पूर्वी दिलेला सल्ला येथे जाहीरपणे मागे घेत आहोत. तो पाकिटात घालून लाखेने बंद करा आणि एक प्रत घराबाहेर, बँकेच्या लॉकरात किंवा परगावच्या भरवशाच्या नातलगाकडे ठेवा. पाकीट कोठे आहे हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या. काही पेट्यांत आपत्कालीन प्रवेशाची सोय असते. तुम्ही नेमलेल्या माणसाने मागणी केली आणि ठरलेल्या मुदतीत तुम्ही नाही म्हटले नाही, तर पेटी त्याला उघडते. गुगलनेही २०१३ पासून निष्क्रिय खात्यासाठी वारस नेमण्याची व्यवस्था ठेवली आहे. जमिनीला वारस लावतो, तसा याही दौलतीला लावावा.

आणि सगळेच पेटीत टाकू नका. पैशाच्या व्यवहाराचा यू.पी.आय. पिन डोक्यातच राहू द्या. ई-मेलला दुसरे कुलूप लावा, म्हणजे शब्दाखेरीज फोनवरचा आकडाही मागितला जाईल. कारण ई-मेल ज्याच्या हाती गेली, तो बाकीचे सारे शब्द नवे करून घेऊ शकतो. पेटी स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, सेवा केंद्राच्या संगणकात उघडू नका. फॉर्म भरून देणाऱ्या मुलाकडून फॉर्म अवश्य भरून घ्या, परंतु घरी येताच शब्द बदला. यात त्याचा अपमान नाही. उद्या त्याच्या वहीतून काही गळाले, तर तुमच्यापुरता तरी तो निर्दोष राहील. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत थोपवता येण्याचा संभव असतो.

आमच्या दादांची वाचा आता थोडी परतली आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी पाटीवर एक-एक अक्षर काढून सहा शब्द लिहिले आणि पाटी वहिनींच्या हाती दिली. तो त्यांचा जुना मुख्य शब्द होता. एव्हाना त्याचे काम उरले नव्हते. वहिनींनी ती पाटी मात्र अजून पुसलेली नाही.